नाव मंगोलांचे, तवा तैपेईचा

अमेरिकेतील मध्यम आकाराच्या बहुतेक शहरांत, महामार्गालगतच्या बाजारसंकुलात, मोटारींच्या विस्तीर्ण तळासमोर अशा प्रकारचे एखादे उपाहारगृह आढळते. पाटीवर चंगीझखानाचे किंवा त्याच्या मुलुखाचे नाव असते आणि आत मध्यभागी एक प्रचंड वर्तुळाकार लोखंडी तवा. आलेल्या माणसाच्या हाती पदार्थांची यादी येत नाही, रिकामा वाडगा येतो. तो घेऊन त्याने थंड पेट्यांच्या रांगेपुढून चालत जायचे. गोठवून कागदासारखे पातळ तासलेले गोमांस, मटण, कोंबडी, पुढे कोबी, कांदा, गाजर, ब्रोकोली, मुगाचे मोड, अळंबी, अननसाच्या फोडी, त्यापुढे शेवया, आणि सर्वांत शेवटी तेले, रस व चटण्या यांची भांडी. मनास येईल ते, मनास येईल तितके वाडग्यात भरायचे आणि तव्याच्या कठड्यापाशी उभे राहायचे. आचारी वाडगा तव्यावर पालथा करतो, दोन लांब काठ्यांनी तो ढीग परतत परतत तव्याभोवती फिरतो आणि त्याची प्रदक्षिणा पुरी होते न होते तोच अन्न शिजून परत वाडग्यात पडते. सारा कारभार दोन-तीन मिनिटांचा.

या प्रकाराला 'मंगोलियन बार्बेक्यू' म्हणतात. वस्तुतः तो मंगोलियन नाही आणि बार्बेक्यूही नाही. बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यावर, धुराच्या संगतीत भाजणे. येथे धूर नाही आणि निखाराही नाही. गॅसवर तापलेला तवा आहे. हे अन्न चविष्ट नसते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तापलेल्या लोखंडाला मांसाचा पातळ काप टेकताच जो वास सुटतो, त्यापुढे नावगावाची चौकशी करण्याचे कोणाला सुचत नाही. परंतु ही चौकशी करण्याजोगी आहे, कारण त्या नावाआड काही माणसे झाकली गेली आहेत.

जेवणाऱ्याच्या करमणुकीसाठी अशा ठिकाणी बहुधा एक कथाही सांगितली जाते. चंगीझखानाचे सैनिक म्हणे लढाईनंतर आपल्या ढाली उलट्या करून विस्तवावर ठेवीत, तलवारीने मांसाचे तुकडे करीत आणि त्या ढालींवरच ते परतून खात. कथा झोकदार आहे. तिला पुरावा मात्र नाही. पोपचा दूत म्हणून 1245 ते 1247 या काळात मंगोल दरबारापर्यंत जाऊन आलेला पियान देल कार्पिने हा धर्मोपदेशक मंगोलांच्या शस्त्रास्त्रांचे बारकाईने वर्णन करतो. त्यांची ढाल वेताची किंवा डहाळ्यांची विणलेली असते, असे तो सांगतो. आणि तीही छावणीत, रात्री, बादशहा व सरदार यांच्या पहाऱ्यापुरती वापरतात असा त्याचा समज होता. वेताच्या ढालीवर मांस परतू पाहणाऱ्या सैनिकाची ढाल आधी जळाली असती, मांस मागाहून.

1253 ते 1255 या काळात त्याच वाटेने गेलेल्या रुब्रुकच्या विल्यमने मंगोलांच्या जेवणाविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे. एका मेंढीत पन्नास किंवा शंभर माणसे जेवतात. मांस बारीक कापून थाळ्यात मीठपाण्याबरोबर देतात. दुसरा कोणताही रस्सा वा चटणी नसते. पुढे चीनवर मंगोलांचे राज्य असताना राजदरबारातील आहारतज्ज्ञ हू सिहुई याने 1330 साली आहारशास्त्रावर जो ग्रंथ सादर केला, त्यातही उकडलेल्या मटणाच्या रश्शांचीच रेलचेल आहे. परतण्यापेक्षा उकडण्याकडे असलेला हा कल केवळ आवडीचा नव्हता. गवताळ माळावर लाकूड दुर्मीळ. सरपण म्हणजे जनावरांचे वाळलेले शेण. गोवऱ्यांच्या आचेवर पातेले मंदपणे रटरटू शकते, लोखंडी तवा लाल होत नाही. शिवाय उघड्यावर भाजलेल्या मांसाची चरबी विस्तवात गळून जाते. जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांवर जातो, तेथे चरबीचा थेंबही वाया घालवणे परवडत नाही. उकडले म्हणजे ती रश्शात उतरते आणि रस्सा पोटात.

आजही मंगोलियातील घरचे जेवण याच वळणाचे आहे. उकडलेले मटण, बूझ नावाचे, मटणाचे सारण भरून वाफवलेले उंडे, मीठ घातलेला दुधाचा चहा, घोडीच्या दुधाचे आंबवलेले ऐराग, दगडासारखे टणक वाळवलेले दही. सणासुदीला किंवा पाहुण्यांसाठी खोरखोग करतात. मटणाचे मोठे तुकडे आणि विस्तवात तापवलेले गोटे एकाआड एक दुधाच्या कॅनमध्ये भरायचे, थोडे पाणी, मीठ, कांदा-बटाटा घालायचा आणि झाकण घट्ट लावून टाकायचे. मांस आतल्या आत, त्या गोट्यांच्या उष्णतेवर शिजते. झाकण उघडल्यावर चरबीने माखलेले ते गरम गोटे जमलेली मंडळी एका हातातून दुसऱ्या हातात झेलत राहतात. त्याने अंगातला शीण जातो अशी समजूत आहे. वाडग्यात अननस की ब्रोकोली, हा प्रश्न या रीतीत उद्भवतच नाही.

मग हा तवा आला कोठून? 1949 साली चीनच्या मुख्य भूमीवर कम्युनिस्टांची सत्ता आली आणि च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सरकारबरोबर दहा लाखांहून अधिक माणसे समुद्र ओलांडून तैवानला गेली. त्यांत सैनिक होते, कारकून होते, प्राध्यापक होते, आणि वू चाओ-नान नावाचा बीजिंगचा एक तरुणही होता. वू यांचा जन्म 1926 चा. आपल्याकडील तमाशातील बतावणीची आठवण व्हावी अशी 'शियांगशेंग' नावाची विनोदी संवादकला चीनमध्ये आहे; तिचे तैवानातील थोर कलावंत म्हणून पुढे त्यांची कीर्ती झाली. परंतु 1951 साली त्यांच्यापुढे प्रश्न पोटाचा होता. तैपेईत नदीकाठी त्यांनी खाण्याचा एक ठेला टाकला आणि त्यावर आपल्या गावचे मांस विकावयास काढले.

त्या गावच्या मांसाची परंपरा मोठी होती. बीजिंगमध्ये हुई मुसलमानांच्या दोन प्रसिद्ध भोजनगृहांपैकी एक आपला उगम 1686 चा सांगते आणि दुसरे, सरोवराच्या काठचे, 1848 चा. लोखंडी पट्ट्या जोडून केलेल्या तव्याखाली लाकडांचा जाळ असे. गिऱ्हाईक तव्याभोवती उभे राही, एक पाय बाकावर ठेवी आणि लांब काड्यांनी मटणाचे पातळ काप स्वतः परतून घेई. आले, पातीचा कांदा, कोथिंबीर, सोयाचा रस, एवढाच संभार. तैपेईच्या ठेल्यावरील पदार्थ याच कुळातला. पन्नास वर्षे जपानच्या अमलाखाली राहिलेल्या त्या बेटावर जपानी तवाही लोकांच्या ओळखीचा होता, त्याची छाप त्यावर पडली.

तेव्हा ठेल्याला सरळ बीजिंगचे नाव द्यावे, हा वू यांचा विचार स्वाभाविक होता. पण अडचण तेथेच होती. राष्ट्रवादी सरकारने 1928 साली त्या शहराचे नाव बदलून 'बेइपिंग' केले होते. कम्युनिस्टांनी 1949 साली 'बीजिंग' हे जुने नाव परत आणले आणि ते शहर राजधानी केले. म्हणजे पाटीवर 'बीजिंग' लिहिणे हे शत्रूच्या राजधानीची जाहिरात केल्यासारखे. तैवानात 1949 मध्ये लागू झालेला लष्करी कायदा 1987 पर्यंत उठला नाही, आणि त्या राजवटीच्या आरंभीच्या वर्षांत नुसत्या संशयावरून माणसे तुरुंगात जात होती. अशा वेळी वू यांनी भांडणापासून दूर असलेले, कोणाला न खटकणारे एक नाव उचलले: मंगोलिया. एका निर्वासिताने आपल्या गावाचे नाव गिळले आणि दुसऱ्या एका समाजाचे नाव, त्या समाजाला न विचारता, जगभर झाले.

ही हकीकत मुंबईकरांना परकी वाटण्याचे कारण नाही. फाळणीत कराची सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांनी हिंदुस्थानात दुकाने थाटली तेव्हा कित्येकांनी हरवलेल्या शहराचे नाव पाटीवर लावले. नोव्हेंबर 2020 मध्ये वांद्र्याच्या अशाच एका मिठाईच्या दुकानापुढे एक राजकीय कार्यकर्ता येऊन उभा राहिला आणि हे नाव बदला म्हणाला. दुकानाच्या पाटीवर वर्तमानपत्राचा कागद चढला. त्या नावाने ज्या गावाचा उच्चार होत होता ते गाव दुकानदाराच्या वाडवडिलांनी शत्रू म्हणून सोडले नव्हते, घर म्हणून सोडले होते. कागद लावणाऱ्याला हे ठाऊक असते. कागद लावावयास सांगणाऱ्याला ते समजावून घेण्याची निकड भासत नाही. तैपेईत 1951 साली निदान कोणी येऊन धमकावण्याची वाट पाहावी लागली नाही. हवेतच एवढे भय होते की पाटी लिहिणाऱ्याने स्वतःच शहाणपण केले.

आता नावांच्या बाबतीत खाद्यपदार्थांनी काटेकोर असावे, असा आग्रह मुंबईने तर मुळीच धरू नये. 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी हिरवी मिरची, आले, लसूण आणि सोया यांच्या रश्शात कोंबडीचे तळलेले तुकडे टाकून जो पदार्थ केला, त्यास मांचुरियाचे नाव मिळाले. मांचुरियातील माणसाला तो पाहून नवलच वाटेल. पण तेथे कोणाचे गाव झाकावे लागले नव्हते. तो निव्वळ हौसेचा मामला होता.

तैवानहून हा तवा स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला. वू स्वतःही पुढे तेथे स्थायिक झाले आणि 2018 साली तेथेच वारले. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक येथे 1992 साली, डॅलस येथे 1998 साली आणि मोंटाना राज्यातील मिझूला येथे 1999 साली अशा उपाहारगृहांच्या साखळ्या सुरू झाल्या. त्यांनी तव्यापेक्षा वाडग्यावर अधिक भर दिला. 'आपला वाडगा आपणच रचा' हा त्यांचा पुकारा आहे, आणि अमेरिकन मनाला तो तत्काळ पटावा असाच आहे.

जुन्या बीजिंगशी याची तुलना केली म्हणजे एक गंमत ध्यानात येते. तेथे निवड जवळजवळ नव्हतीच. गोमांस नाही तर मटण, संभार ठरलेला. काम मात्र खाणाऱ्याचे: जाळ किती, काप केव्हा उलटायचा, केव्हा उचलायचा, हे त्याचा हात ठरवी. येथे निवड अमर्याद आणि हात दुसऱ्याचा. अर्थात त्या दुसऱ्याच्या हातालाही फारसे काही ठरवावयाचे उरलेले नाही. मूळ स्वयंपाकी जाणतो की कांदा आधी, पालेभाजी मागाहून. या तव्यावर सगळे एकदमच पडते, आणि तरी शिजते, कारण सगळे यंत्राने सारखेच पातळ कापलेले असते. आचाऱ्याच्या अंगचे ज्ञान असे काप करणाऱ्या पात्यात जाऊन बसले आहे. त्याच्याकडे उरली ती काठ्यांची कसरत, आणि गिऱ्हाइकांच्या टाळ्या.

नवख्या माणसाची फजिती रसांच्या रांगेपाशी होते. तो भीत भीत एक डाव रस घालतो. तापलेल्या लोखंडावर तो क्षणात आटून जातो आणि वाडगा अळणी परत येतो. दुसऱ्या खेपेस तो चिडून सगळ्याच भांड्यांतला एकेक डाव घेतो. मग गोड, तिखट, आंबट सारे एक होऊन तपकिरी रंगाची एकच चव तयार होते. तक्रार करावी तर कोणाकडे? आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणून पुष्कळ ठिकाणी रसांच्या भांड्यांवर पाककृतींचा फलकच टांगलेला असतो: लसणाचे तेल इतके डाव, सोया इतके, आले इतके. पूर्ण स्वातंत्र्य देऊन बोलावलेल्या गिऱ्हाइकाला शेवटी स्वयंपाक्याचा सल्ला लागतोच; फक्त स्वयंपाक्याऐवजी तो पुठ्ठ्यावर छापून मिळतो. नेहमी येणारे मात्र वेगळ्याच विद्येत पारंगत झालेले असतात. किंमत वाडग्यावर असेल तेथे ते गोठलेले मांस तळाशी दाबून बसवतात, कडेने गाजराच्या लांब कापांची भिंत उभारतात आणि शेवयांचा कळस चढवून दीड वाडग्याचा ऐवज एका वाडग्यात नेतात. पाककलेत नाही तरी गवंडीकामात प्रगती होते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अशी जागा सोयीची वाटते, यात नवल नाही. एका टेबलावर आजी शाकाहारी, वडिलांचा गुरुवार, आईला कोळंबी हवी आणि मुलाला गोमांस. चौघांचे चार वाडगे, कोणाचा कोणाला अडसर नाही. अडसर तव्यापाशी येतो. तेथे चौघांचे अन्न, आणि शिवाय अनोळखी माणसांचे डुकराचे मांस, वीतभर अंतराने एकाच लोखंडावर चरचरत असते. मागितल्यास वेगळ्या कढईत करून देण्याची सोय कित्येक ठिकाणी असते. आजीबाई ती बहुधा मागतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. पण महाराष्ट्रात रोटीबंदी मोडण्यासाठी मुद्दाम सहभोजने भरवावी लागली आणि त्या पंक्तीत बसणाऱ्यांवर बहिष्कार पडले, हा काही फार जुना इतिहास नव्हे. ज्या तव्यावर कोणाचे अन्न कोणाशेजारी शिजते याची विचारपूस होत नाही, तो तवा त्या इतिहासाच्या संदर्भात क्षुल्लक म्हणता येणार नाही.

याचे दुसरे अंगही आहे. मराठी पानात मिठाची जागा ठरलेली, लिंबाची ठरलेली. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. कोणी तरी पिढ्यान्‌पिढ्या विचार करून तोंडाची चव कोठून कोठे जावी हे मांडून ठेवले आहे, आणि जेवणाऱ्याने त्यावर विश्वास टाकून नुसते जेवायचे असते. खोरखोगभोवती बसलेल्या मंगोल मंडळींनाही कोणी विचारीत नाही की तुला काय हवे. जे शिजले ते वाटून घ्यायचे, थोरांना आधी. वाडग्याच्या उपाहारगृहात चौघे चार वेळा उठतात, चार वेळा रांगेत उभे राहतात आणि एकाचे जेवण संपते तेव्हा दुसऱ्याचे सुरू होते. स्वतःच्या आवडीचे खाण्याचे सुख खरेच. त्यासाठी एकत्र जेवणे मात्र सोडावे लागते. हा सौदा महाग आहे.

असो. ज्यांचे नाव या तव्याला चिकटले त्यांची स्थिती काय? मिझूलाच्या साखळीचे 'हूहॉट' हे नाव चीनच्या ताब्यातील अंतर्गत मंगोलियाची राजधानी होहोत हिच्यावरून घेतलेले आहे. 2020 च्या जनगणनेनुसार त्या प्रांतात सुमारे 42 लाख मंगोल आहेत. स्वतंत्र मंगोलियाच्या लोकसंख्येहून ही संख्या मोठी, पण प्रांताच्या लोकसंख्येत ती जेमतेम 18 टक्के भरते. त्याच वर्षी सप्टेंबरात तेथील मंगोल माध्यमाच्या शाळांत भाषा, इतिहास व नीतिशिक्षण हे विषय चिनी भाषेतून शिकवण्याचा हुकूम अमलात येऊ लागला. पालकांनी मुले शाळेत पाठवण्याचे नाकारले, निदर्शने झाली, धरपकड झाली आणि हुकूम कायम राहिला. होहोतचे नाव अमेरिकेच्या महामार्गांवर दिव्यांनी उजळते आहे आणि होहोतच्या वर्गातून मंगोल अक्षरे पुसली जात आहेत.

उत्तरेकडील स्वतंत्र मंगोलिया आकाराने महाराष्ट्राच्या पाचपट आणि वस्ती सुमारे 35 लाखांची. तेथे 2023-24 च्या हिवाळ्यात 'झुद' आला. बर्फाचा थर एवढा घट्ट बसतो की जनावराचे तोंड गवतापर्यंत पोचत नाही, आणि कळप उभ्या उभ्या मरतात. त्यास झुद म्हणतात. त्या एका हंगामात देशातील सुमारे साडेसहा कोटी जनावरांपैकी 70 लाखांहून अधिक मेली. कळप गेलेला धनगर राजधानी उलानबातरची वाट धरतो आणि शहराच्या कडेला आपला तंबू ठोकतो. देशाची जवळजवळ निम्मी वस्ती आता त्या एका शहरात आहे.

त्याच उलानबातरमध्ये 2005 साली, रॉयल ओकहून निघालेल्या साखळीने आपली शाखा उघडली. वाडगे, थंड पेट्या, रसांची भांडी, वाटोळा तवा, सगळे नेहमीप्रमाणे. मंगोलियात आलेली ती पहिली अमेरिकन उपाहारगृहांची साखळी होती, आणि तेथील लोकांनी 'मंगोलियन बार्बेक्यू' प्रथम तिच्याकडे जाऊन खाल्ले.